शाळेत पर्यावरण मंडळ सुरू करायचंय, सुरुवात कुठून करावी?

नववीतल्या तुम्ही काही जणांनी मंडळ काढायचं ठरवलंय, शाळा आरोग्यदायी व्हायला हवी आहे आणि पहिला कार्यक्रम वृक्षारोपणाचा घ्यावा का, असं विचारलंय. मी विज्ञान शिकवतो आणि शाळेतल्या हरित सेनेचं काम बघतो. माझं मत विचाराल तर झाडं सावकाश लावा. रोपं लावताना फोटो निघतात, पण दिवाळीच्या सुट्टीत पाणी घालायला कुणी फिरकत नाही. आधी स्वच्छतागृह आणि पाणी बघा.

शाळा सुटताना वर्गातल्या मुलींना त्यांच्या पाण्याच्या बाटल्या दाखवायला सांगा. बऱ्याच बाटल्या अर्ध्याअधिक भरलेल्या सापडतील. तहान लागत नाही असं नाही, स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून मुली पाणीच पीत नाहीत. दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही, पॅड टाकायला झाकणाचा डबा नाही. मग दिवसभर लघवी दाबून बसायचं आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवून घ्यायचा. केरळमधल्या शाळांनी २०१९ साली पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली, तिचं खूप कौतुक झालं. कल्पना छानच आहे, पण कडी न बसवता नुसती घंटा वाजवून काय उपयोग? काय काय हवंय ते मुलींनाच ठरवू द्या, मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या.

टाकी शेवटची कधी धुतली ते शिपाईमामांना विचारा आणि ती तारीख टाकीवरच रंगवून घ्या. पाण्यात क्लोरीन उरलंय का हे ओटी चाचणीत कळतं. नळाच्या पाण्यात द्रावणाचे थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. गावात जलसुरक्षकाला किंवा आरोग्यसेवकाला बोलवा, ते करतील, तुम्ही वहीत नोंद ठेवा. टीसीएल, म्हणजे पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर, हातात घ्यायची नाही आणि टाकीवर चढायचं तर मुळीच नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी कोरडा दिवस पाळा. कुंड्यांखालच्या ताटल्या, जुने टायर, फुटका माठ, सगळं रिकामं करायचं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला लागेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून हे दर आठवड्याला. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या काठाला चिकटून कित्येक महिने तग धरतात, तेव्हा काथ्याने घासा.

फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत, असा २०२० चा नियम आहे. तरी वडापाववाल्या काकांशी भांडायला जाऊ नका, ते मोठ्यांवर सोडा.

शाळा जिल्हा परिषदेची किंवा पालिकेची असेल तर खर्चाचे विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे न्या. समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात. नोंदींची वही त्यांच्यापुढे ठेवली की काम लवकर हलतं. आणि आठवीची मुलं आत्ताच मंडळात घ्या. दहावीचे क्लास सुरू झाले की तुमच्यातलं कुणी इकडे फिरकणार नाही!