लठ्ठपणा आईच्या पोटातूनच येतो का?

आई आणि मामा दोघेही स्थूल आहेत. लठ्ठपणा एपिजेनेटिक बदलांतूनच आला असेल, तर रोज रंकाळ्याला फेऱ्या मारून काय साधणार, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापुरातच अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवले. हा प्रश्न वर्गातही निघत असे.

जनुकातील अक्षरे तीच राहून ते जनुक किती वाचले जावे एवढेच बदलते, तेव्हा त्या बदलाला एपिजेनेटिक म्हणतात. डीएनएवर मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचा एक छोटा रासायनिक तुकडा) चिकटणे हा त्याचा सर्वाधिक अभ्यासलेला प्रकार.

गर्भावस्थेविषयीचा पुरावा मला सर्वांत भक्कम वाटतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. गर्भारपणाच्या पूर्वार्धात ज्यांच्या माता उपाशी राहिल्या, त्या मुलग्यांमध्ये १९ व्या वर्षी लठ्ठपणा अधिक आढळला, तर अखेरच्या तिमाहीत उपासमार सोसलेल्यांमध्ये कमी. गर्भधारणेच्या सुमारास ही झळ लागलेल्यांच्या आयजीएफ-२ या, शरीराच्या वाढीशी संबंधित जनुकावरील मिथाइल खुणा सहा दशकांनंतरही कमी दिसल्या. आपल्याकडे पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत केलेला अभ्यास तर प्रत्येक मराठी घराने वाचावा असा आहे: तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने हलकी, परंतु त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. ज्या मातांमध्ये फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. मिथाइल गट तयार होण्यास ही दोन्ही जीवनसत्त्वे लागतात, म्हणून संशयाची सुई इकडे वळते.

मात्र प्रौढांच्या रक्तात दिसणाऱ्या खुणांचे चित्र उलटे आहे. युरोपीय आणि भारतीय वंशाच्या सुमारे १०,००० लोकांवरील २०१७ च्या अभ्यासात यांतील बहुतेक खुणा वजन वाढल्याचा परिणाम ठरल्या, कारण नव्हे. त्या सहजी पुसल्याही जात नाहीत: २०२४ मध्ये उंदरांत असे दिसले की, वजन उतरल्यावरही चरबीच्या पेशींनी जुन्या खुणा जपल्या आणि चरबीयुक्त आहार मिळताच ते उंदीर झपाट्याने पुन्हा फुगले. (तालीम सुटली तरी खुराक न सुटलेले पैलवान आपण पाहतोच, पण तिथे एवढ्या गहन कारणाची गरज नाही.)

तेव्हा रंकाळ्याच्या फेऱ्या चालू ठेवा. वजन उतरल्यावरही त्या थांबवू नयेत, एवढेच यातून निघते. घरात कोणी गर्भधारणेचा विचार करत असेल आणि आहार शाकाहारी असेल, तर बी-१२ ची तपासणी आधीच करून घ्यावी.