प्रत्येक भाषेतल्या एरर वेगवेगळ्या पाठ कराव्या लागतात का?

तुम्ही विचारलंय की कॉलेजात सी आणि जावा आहे, घरी पायथन शिकताय, प्रोजेक्ट जावास्क्रिप्टमध्ये आहे आणि चारही ठिकाणी रोज नव्या एररपाशी अडून बसावं लागतं. मग प्रत्येक भाषेचं वेगळं पाठांतर करायचं, की चूक शोधायची काही एकच रीत आहे? शिवाय प्रोजेक्टमधल्या वर्गणीच्या फॉर्मचं कोडं आहेच: काहींनी रक्कम भरली की बेरीज बरोबर येते, काहींनी भरली की 'नॅन' (NaN, म्हणजे 'हा आकडाच नाही') दिसतं.

फॉर्मकडे शेवटी येतो. रीत एकच आहे आणि पाठांतर फार थोडं आहे. मला हे ज्या चुकीमुळे कळलं, तीच आधी सांगतो.

मी दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. गायीच्या दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन पदार्थांवर) ठरतो. एसएनएफ सध्या बाजूला ठेवू. फॅट ३.० ला एक दर, ३.१ ला त्याहून थोडा जास्त, असं दरपत्रक असतं. केंद्रावरच्या संगणकात पायथन होतं, ऑफिसच्या वेबसाइटवर जावास्क्रिप्ट आणि उत्पादकांच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये जावा. एकाच आठवड्यात तीन तक्रारी आल्या. केंद्रचालक म्हणाले, पावती छापताना प्रोग्राम बंद पडतो. स्क्रीनवर 'की-एरर' होतं. ऑफिसातून कळलं की दहा दिवसांच्या बिलात काही नावांपुढे रकमेच्या जागी 'नॅन' येतंय. आणि अ‍ॅप काही जणांच्या फोनवर उघडताच मिटत होतं. लॉगमध्ये 'नल पॉइंटर एक्सेप्शन'.

मी हे तीन वेगळे प्रश्न धरून चाललो आणि त्यात दोन दिवस गेले. पायथनमध्ये तर मी ट्राय-एक्सेप्ट (एरर आली तरी न थांबता पुढे जायची सोय; जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये तिला ट्राय-कॅच म्हणतात) घातलं: दर सापडला नाही तर शून्य घे. प्रोग्राम बंद पडायचा थांबला. त्याच संध्याकाळी केंद्रावरून फोन आला. एका उत्पादकाच्या पावतीवर अकरा लिटर दुधापुढे शून्य रुपये छापले होते. पहाटे उठून धार काढून आणलेल्या दुधाची ती पावती होती. एरर दिसत होती तोवर निदान कुणाचं नुकसान होत नव्हतं; मी ती गिळून टाकली आणि चूक थेट माणसाच्या हातात गेली. तेव्हापासून रिकामा एक्सेप्ट किंवा रिकामा कॅच माझ्या कोडमध्ये नाही.

मग वही घेतली आणि कोणत्या नोंदींवर अडतंय ते नुसतं लिहून काढलं. फॅट ३.४, ३.३, ३.५, पुन्हा ३.३. आणि कुठे अडत नाही? ३.०, ३.१, ३.२. तिन्ही प्रोग्राममध्ये हेच. अडतंय कुठे याच्याइतकंच अडत नाही कुठे हे लिहिणं मोलाचं असतं, हे मला त्या कागदावर कळलं. दरपत्रक तिन्हीकडे एकाच पद्धतीनं बनवलं होतं: ३.० पासून सुरुवात, लूपच्या प्रत्येक फेरीत ०.१ मिळवायचा आणि येईल त्या आकड्यापुढे दर ठेवायचा. ते दरपत्रक सरळ प्रिंट करून पाहिलं. ३.०, ३.१, ३.२, आणि त्याखाली ३.३००००००००००००००३.

दशमान पद्धतीत एक भागिले तीन पूर्ण लिहिता येत नाही, ०.३३३ चालूच राहतं. संगणकाच्या द्विमान पद्धतीत तीच गत एक दशांशाची होते. म्हणून ०.१ साठवताना तो जवळच्या एखाद्या संख्येवर थांबतो आणि प्रत्येक बेरजेत पुन्हा जवळची संख्या घेतो. ३.२ पर्यंत ही तडजोड जुळत होती, ३.३ ला नाही. फॅट मोजणाऱ्या मशीनमधून आलेला ३.३ आणि दरपत्रकातला ३.३ यांच्यात केसाएवढा फरक पडला, आणि दर 'नाही' झाला. यात कुठल्या एका भाषेचा दोष नाही. १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकाप्रमाणे चारही भाषांमध्ये अपूर्णांक असेच साठवले जातात.

आता तक्रारी पुन्हा बघा. पायथनच्या डिक्शनरीत नसलेली 'की' (जिच्यापुढे किंमत ठेवलेली असते ती खूण, इथे फॅट) मागितली, तर ते थांबतं आणि सांगतं. जावाचा हॅशमॅप (तिथली डिक्शनरी) नल म्हणजे 'काहीच नाही' देतो, आणि ते नल डबलमध्ये (अपूर्णांकाच्या व्हेरिएबलमध्ये) ठेवायला गेलं की एक्सेप्शन येतं. जावास्क्रिप्ट अनडिफाइन्ड देतं, त्याला लिटरनं गुणलं की नॅन होतं, आणि ते बिलापर्यंत बिनबोभाट जातं. हेच मी नंतर सीमध्ये लिहून पाहिलं: तुलना कधी जुळतच नाही, दराच्या व्हेरिएबलमध्ये आधीपासून पडलेलं काहीबाही तसंच राहतं आणि प्रोग्राम ते आनंदानं छापतो. दुखणं एक, लक्षणं चार. एररचं नाव भाषेकडून येतं, कारण मात्र बहुतेक वेळा भाषेच्या बाहेर असतं.

उपाय साधा होता. फॅट दहापट करून पूर्णांकात ठेवला, म्हणजे ३.३ ऐवजी ३३. पैशांचंही तसंच, रुपयांऐवजी पैसे. फक्त गुणल्यावर आधी राउंड करा. पायथनमध्ये ४.३५ ला १०० नं गुणून थेट इंट लावलंत तर ४३४ मिळतात, एक पैसा गेला. जावात हिशेबासाठी बिगडेसिमल (आकडा दशमानातच ठेवणारा प्रकार) आहे, पण तो स्ट्रिंगपासून बनवा. डबलपासून बनवलात तर तीच घाण आत येते. हे किरकोळ वाटत असेल, तर २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये काय झालं ते लक्षात ठेवा. तिथल्या पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचं घड्याळ दशांश सेकंदांत मोजत होतं आणि ०.१ तिच्या २४ बिटांत पुरता बसत नव्हता. यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू राहिली, वेळ सुमारे ०.३४ सेकंदानं सरकली, येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही आणि २८ अमेरिकी सैनिक गेले.

तर रीत अशी. तुमच्या मनात प्रत्येक ओळीगणिक एक चित्र असतं: इथे या व्हेरिएबलमध्ये अमुक असणार. खरी किंमत आणि मनातली किंमत जिथे पहिल्यांदा फारकत घेतात, ती ओळ शोधायची. एरर दिसते ती ओळ बहुधा त्याच्या बरीच पुढे असते. ३.३ चुकला दरपत्रक बनवताना, बोंब झाली पावती छापताना.

ती जागा शोधायला कोड वरून खाली वाचत बसू नका, निम्म्यात कापा. मध्यावर एक प्रिंट टाका. तिथे किंमत बरोबर असेल तर वरचं निम्मं सुटलं. चारशे ओळी अशा आठ-नऊ खेपांत एका ओळीवर येतात. 'काल चालत होतं, आज नाही' असं असेल, तर गिट या कोडचा इतिहास जपणाऱ्या साधनातला बायसेक्ट हेच जुन्या कमिटवर (जपलेल्या टप्प्यांवर) करतो आणि हजार कमिटमधून दहाएक खेपांत दोषी कमिट काढून देतो. आणि एका वेळी एकच बदल करा. तीन बदल एकदम करून प्रोग्राम चालू झाला, तर कशानं चालू झाला ते कळत नाही, आणि आठवड्यानं तीच चूक परत येते.

प्रिंट करतानाही नुसती किंमत छापू नका, तिच्या दोन्ही बाजूंना चौकटी कंस टाका आणि प्रकारही छापा. पायथनमध्ये रेप्र आणि टाइप, जावास्क्रिप्टमध्ये जेसन-स्ट्रिंगिफाय आणि टाइपऑफ. न दिसणाऱ्या गोष्टी अशाच पकडल्या जातात: शेवटची स्पेस, नवी ओळ, आकड्यासारखी दिसणारी स्ट्रिंग. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला सीमध्ये स्कॅनएफनं आकडा घेऊन मग एक अक्षर घेताना प्रोग्राम न थांबताच पुढे गेला असेल. जावात नेक्स्टइंटनंतर नेक्स्टलाइन रिकामी आली असेल. मुलं या दोन वेगळ्या अडचणी म्हणून वहीत लिहितात. दोन्हीकडे आकड्यानंतर दाबलेलं एंटर तसंच मागे उरलेलं असतं, पुढची ओळ ते उचलते. सीमध्ये पर्सेंट-सीच्या आधी एक स्पेस द्या. जावात मधे एक रिकामी नेक्स्टलाइन घ्या.

एररचा मजकूर पूर्ण वाचा, हे सगळेच सांगतात. कुठून वाचायचा ते कुणी सांगत नाही. पायथनमध्ये खालून वर: शेवटच्या ओळीत काय झालं, तिच्या वर कुठे झालं. जावात पहिली ओळ, आणि खाली 'कॉज्ड बाय' असेल तर त्यातलं सर्वांत शेवटचं. दोन्हीकडे लायब्ररीच्या ओळी सोडून तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव एररच्या सर्वांत जवळ जिथे येतं, तिथून सुरू करा. सीचा कंपायलर चाळीस एरर देतो तेव्हा फक्त पहिली सोडवा आणि पुन्हा कंपाइल करा. एक अर्धविराम राहिला की कंपायलर पुढच्या ओळीवर आळ घेतो आणि तिथून भरकटतो. सेगमेंटेशन फॉल्ट (नको त्या मेमरीला हात लावल्यानं प्रोग्राम बंद पडणं) मात्र काहीच सांगत नाही. तिथे जीसीसीला (सीच्या कंपायलरला) डॅश-जी आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझरचा पर्याय देऊन कंपाइल करा, अ‍ॅरेच्या बाहेर कोणत्या ओळीत पाय पडला ते फाइलच्या नावासकट मिळतं. हे पहिल्या सेमिस्टरलाच शिकवायला हवं, असं माझं ठाम मत आहे. डॅश-वॉल (धोक्याच्या सूचना दाखवणारा पर्याय) तर कायम लावाच.

पाठ करायचंच असेल तर एवढं करा. जावात दोन स्ट्रिंगची तुलना इक्वल्सनं, दुहेरी बरोबरनं नाही. इंटिजर ऑब्जेक्टबाबत तर दुहेरी बरोबर १२७ पर्यंत खरं सांगतं आणि १२८ ला सहसा फसवतं, कारण उणे १२८ ते १२७ हे ऑब्जेक्ट जावा आधीच बनवून ठेवते. जावास्क्रिप्टचा सॉर्ट काही न सांगता वापरला तर आकडेही अक्षरांसारखे लावतो, म्हणून १० हा ९ च्या आधी येतो. आणि त्याच्या तारखेत जानेवारी म्हणजे ०. पायथनमध्ये फंक्शनच्या डिफॉल्टला रिकामी लिस्ट देऊ नका, ती एकदाच बनते आणि प्रत्येक कॉलमध्ये तीच वाढत जाते. उणे सात भागिले दोन सीमध्ये आणि जावात उणे तीन. पायथनमध्ये दुहेरी तिरक्या रेघेनं भागलंत तर उणे चार. आणि सरावासाठी केलेल्या फाइलला रँडम किंवा मॅथ अशी नावं देऊ नका. पायथन स्वतःच्या लायब्ररीऐवजी तुमचीच रँडम फाइल उघडतं, आणि 'असं फंक्शनच नाही' हे वाचून माणूस तासभर कोड तपासत बसतो.

आता तुमचा वर्गणीचा फॉर्म. काहींचं चालतं, काहींचं नाही, म्हणजे बेरजेचा कोड ठीक आहे, फरक भरणाऱ्यांकडून येणाऱ्या मजकुरात आहे. रकमेचा रकाना 'टेक्स्ट' प्रकारचा ठेवला असेल, तर नंबरमध्ये बदलण्याच्या लगेच आधीच्या ओळीत तो मजकूर जेसन-स्ट्रिंगिफाय करून कन्सोलवर छापा. कुणी पाचशेच्या पुढे 'रु.' लिहिलं असेल, कुणी दीड हजार लिहिताना स्वल्पविराम दिला असेल. दोन्हींचं नॅन होतं. पण माझा पहिला संशय मराठी कीबोर्डवर आहे. फोनवर नाव मराठीत लिहून झालं की लोक रक्कमही त्याच कीबोर्डवर देवनागरीत लिहितात. ती स्ट्रिंग पायथनच्या इंटला दिली तर बरोबर पाचशे मिळतात, जावाच्या पार्सइंटलाही. जावास्क्रिप्टचा नंबर मात्र नॅन देतो आणि सीचा ए-टू-आय गुपचूप शून्य. मला तर नॅन परवडतं, ते निदान दिसतं.

तसंच निघालं, तर लोकांना 'इंग्रजी आकडेच भरा' अशी सूचना टाकू नका. ज्या आजोबांनी वर्गणी देवनागरीत लिहिली त्यांनी काहीही चुकीचं केलेलं नाही. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात) देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नऊचा २४१५ आहे, सगळे ओळीनं. प्रत्येक अक्षराचा कोड घ्या, तो या दोहोंच्या दरम्यान असेल तर त्यातून २४०६ वजा करा, तो अंक मिळाला. चार ओळींचं फंक्शन होईल. ते नंबरच्या आधी बसवा, स्वल्पविराम तिथेच काढून टाका, आणि तरीही नॅन आलं तर शून्य न धरता त्या रकान्याखाली लाल अक्षरात मराठीत विचारा. कन्सोलवर काय छापून आलं ते अवतरणचिन्हांसकट खाली कळवा, मी बघतो.