परकराची नाडी आणि पोटातली नळी

प्रश्न : आम्ही काटोलजवळच्या खेड्यात राहतो, संत्र्याची बाग आहे. आई ६१ वर्षांची, दोन्ही किडन्या निकामी. मशीनवरच्या डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा नागपूरला नेणं जमत नाही, म्हणून घरीच पोटाचं डायलिसिस करायचं ठरलं, म्हणजे पोटात बसवलेल्या नळीतून औषधी पाणी आत सोडायचं आणि रक्तातली घाण घेऊन ते बाहेर काढायचं. एक डॉक्टर नळी दुर्बिणीतून बसवा म्हणतात. दुसरीकडे सुईने, तेवढाच भाग बधिर करून बसवतात, खर्चही कमी सांगितला. कोणती पद्धत चांगली? आईचा इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला आहे. १५ वर्षांपूर्वी पोट उघडून गर्भपिशवी काढली आहे.
– एक वाचक, ता. काटोल

उत्तर : भाऊ, तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलेली गोष्ट मी सगळ्यात आधी धरते. पोट एकदा उघडलेलं असलं की आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटलेली असू शकतात. सुईच्या पद्धतीत आधी सुई, तिच्यातून तार आणि तारेवरून नळी आत सरकवतात. सोनोग्राफी लावून धोका कमी करता येतो, पण चिकटलेलं सोडवता येत नाही. दुर्बिणीतून ते दिसतं आणि सोडवताही येतं. आतड्यांवरचा चरबीचा पडदा नळीला गुंडाळला जाईल असं वाटलं तर तो वर टाचून ठेवता येतो. तुमच्या आईसाठी मी दुर्बिणीच्या बाजूची. त्याला पूर्ण भूल लागते, तेव्हा इको चांगला असला तरी भूलतज्ज्ञांचा होकार हवाच.

पण सुईची पद्धत कमी प्रतीची नव्हे. हृदय कमजोर आहे, पूर्ण भूल सोसणार नाही, पोटावर आधी टाका पडलेला नाही, अशा पेशंटला तीच सोयीची. लहान चीर देऊन बसवायची जुनी पद्धतही आहेच. बसवणाऱ्याचा हात किती सरावलेला, यावर फार अवलंबून असतं. तेव्हा बिनदिक्कत विचारा : वर्षाला किती नळ्या बसवता आणि वर्षभरानंतर त्यातल्या किती चालू असतात? २०१९च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत अपेक्षा अशी की, वरची सगळी कामं करून दुर्बिणीतून बसवलेल्या नळ्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त आणि बाकी पद्धतींनी बसवलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त वर्षभरानंतर चालू असाव्यात.

आता जे कुणी विचारत नाही ते. नळी पोटाबाहेर कुठे निघणार? बावीस वर्षं मी नागपुरात पोटाच्या डायलिसिसची सिस्टर आहे, पेशंटच्या घरी जाऊन ही जागा तपासते. एका काकूंची नळी उत्तम चालायची, पण तोंड नेमकं परकराच्या नाडीखाली आलं होतं. ऑपरेशनआधी त्यांना आडवं झोपवूनच खूण केली होती. झोपल्यावर पोट पसरतं, बसल्यावर घडी पडते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन, घाम, वरून नाडीचा काच. तीनदा पू झाला आणि चालती नळी काढावी लागली. मला आजही ते लागतं. नळी बसवण्याची पद्धत चांगलीच होती, जागा चुकली.

म्हणून आईला रोजचं लुगडं नेसवूनच न्या. नाडी नेहमी बांधते तिथेच बांधू द्या. उभं करून आणि बसवून, दोन्ही वेळा बघून खूण करायला सांगा. ती जागा आईला स्वतःला दिसली पाहिजे, कारण रोज तीच धुणार, तीच पट्टी बदलणार. वाकून दिसत नसेल तर जागा बदलायला सांगा. नळीचं तोंड खाली किंवा बाजूला वळलेलं असावं, वर नको, म्हणजे घाम-पाणी साचत नाही.

आदल्या दिवशी पोट साफ हवं. बद्धकोष्ठाने फुगलेलं आतडं नळी सरकवतं, मग पाणी आत जातं पण बाहेर येत नाही. हे पुढेही पाळा. थिएटरमध्ये जाण्याआधी लघवी करून घ्या. भरलेल्या मूत्राशयाला सुई लागू शकते.

नळी बसली की साधारण दोन आठवडे जखम मुरू देतात, मग डायलिसिसच्या पाण्याच्या पूर्ण पिशव्या सुरू होतात. तेवढ्यात घरातली एक खोली स्वच्छ करून ठेवा, डायलिसिस करताना पंखा-कूलर बंद ठेवायची सवय लावा. पिशव्यांची खोकी संत्र्याच्या क्रेटांजवळ टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका, घरात सावलीत ठेवा.