कव्हरवर कुठला फोटो घ्यावा?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: जळगावच्या कॉलेजातल्या प्रोजेक्टसाठी अहिराणी-मराठी पॉप गाण्यांचं मासिक करते आहेस. मैत्रिणीला गायिका म्हणून उभं करून केळीच्या बागेत, मेहरूण तलावावर आणि घरच्या भिंतीसमोर फोटो काढलेस. कव्हरसाठी तुझा कल बागेतल्या फोटोकडे आहे. माझं मत भिंतीसमोरच्या फोटोला.

बागेतला फोटो देखणा आहे, वादच नाही. पण चौकटभर पानं आहेत, त्यावर ऊन-सावलीचे पट्टे. कव्हरवर मासिकाचं नाव येणार, बाजूला मथळे येणार. ती अक्षरं त्या पानांवर वाचताच येणार नाहीत. मग तू अक्षरांमागे रंगीत पट्ट्या टाकशील आणि फोटो झाकला जाईल. भिंतीसमोर तिच्या डोक्यावर मोकळी जागा आहे, डावीकडची भिंत रिकामी आहे आणि मुख्य म्हणजे ती थेट कॅमेऱ्यात बघते आहे. बसस्टँडवरच्या स्टॉलला लटकवलेल्या मासिकांत आपला हात जातो तो अशा नजरेकडे. फोटो कंबरेपासून वर ठेव. केस मासिकाच्या नावावर थोडे आले तरी चालेल, नाव ओळखू आलं म्हणजे झालं. शंका असेल तर दोन्ही फोटो मोबाइलवर अंगठ्याएवढे करून शेजारी ठेव. चेहरा कुठल्यात आधी दिसतो ते लगेच कळेल.

बागेतला आडवा फोटो मुलाखतीच्या जोडपानावर पसरव. फक्त चेहरा मधल्या घडीत सापडू देऊ नकोस. तिला एका पानावर सरकव आणि ती ज्या बाजूला बघते आहे तिकडे मजकूर लाव. तलावावरचे फोटो भर दुपारचे आहेत, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडल्यात. त्यातला एखादा लहान करून अनुक्रमणिकेत वापर, बाकीचे सोड. आपल्याकडच्या उन्हात चेहऱ्याचे फोटो सकाळी लवकर नाहीतर दिवस कलल्यावरच काढावेत. घरात असशील तर दाराच्या उजेडात. जमलं तर चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचं कलादालन बघून ये. त्यांनी काढलेल्या चेहऱ्यांत उजेड कुठून घेतलाय आणि अंधार कुठे राहू दिलाय, ते नीट बघ.

एक मात्र कळकळीनं सांगतो. एका फोटोत तू फिल्टर लावून तिला गोरी केली आहेस, तो फिल्टर काढ. छपाईत फोटो जरा गडद उमटतो, म्हणून उजेड किंचित वाढवणं ठीक, पण तिचा रंग बदलू नकोस. तुझं मासिक धुळ्या-नंदुरबारच्या, यावल-रावेरच्या मुली हातात घेतील अशी कल्पना करून तू ते आखते आहेस. त्यांना कव्हरवर आपल्यासारखी मुलगी दिसायला हवी. अहिराणी गाणी त्यांचीच आहेत ना!

निवडलेले फोटो आधी मैत्रिणीला दाखव आणि वापरायची परवानगी लिहून घे. अठरा पूर्ण नसतील तर आईवडिलांचीही घे. प्रोजेक्टपुरती परवानगी आणि इन्स्टाग्रामवर टाकायची परवानगी वेगळी धर. लहान गावात फोटो फिरला की बोलणी तिला ऐकावी लागतात. ती नको म्हणाली तर दुसरा निवडायचा, मनधरणी करायची नाही.

छपाईसाठी ए-फोर पान ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतं, शिवाय कापणीसाठी चारी बाजूंनी ३ मिमी जास्त ठेव. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो बारीक होऊन येतो, कव्हरला तो पुरणार नाही. कॅमेऱ्यातली मूळ फाइल घे किंवा डॉक्युमेंट म्हणून मागव. भिंतीसमोरचे बाकीचे फोटोही इथे टाक. ज्यात तिचे हात दिसताहेत असा एखादा असेल तर तो मला आधी बघायचा आहे.