प्लग लावलाय, पण चार्जिंग नाही

प्रश्न: लॅपटॉप अडॅप्टरवर चालतो, पण बॅटरी ३४ टक्क्यांवरच अडकते. बॅटरी बदलावी का?

उत्तर: इतक्यात नको. आधी अडॅप्टरच्या गोल पिनमध्ये डोकावून बघा. काही कंपन्यांच्या पिनमध्ये मधोमध सुई असते. अडॅप्टर किती वॅटचा, हे लॅपटॉपला तिच्यातूनच कळतं. ती वाकली किंवा पिनजवळ वायर आतून तुटली, की लॅपटॉप चालतो, चार्जिंग मात्र बंद. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणारा सेटिंगचा मेनू) अडॅप्टर ‘अननोन’ दिसला तर संशय इथेच घ्या. मल्टीमीटरवर १९.५ व्होल्ट आले म्हणून फसू नका, बिघाड सुईच्या वायरीत असतो. वाकलेली सुई सरळ करायला पक्कड लावाल तर ती मोडेल! लेबलवर ६५ वॅट असेल तर ६५ वॅटचाच दुसरा ओरिजिनल अडॅप्टर लावून बघा. तरीही अडलं तर लॅपटॉपमधला जॅक (पिन जिथे घालतो ती जागा) तपासून घ्या, बॅटरीचा नंबर त्यानंतर.