चाळीस नकोत, एकच दे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी चाळीस गाण्यांची यादी मिळाली. माली, तुर्कस्तान, मंगोलिया, आर्जेंटिना... आणि शेवटी तुझी तक्रार, की ग्रुपवर एवढं टाकतो पण कुणी ऐकतच नाही. खरं सांगायचं तर मीही सगळी ऐकली नाहीत. सहाव्यापाशी थांबलो. ते केप व्हर्दीच्या गायिका सेझारिया एव्होराचं 'सोदाद' होतं, आणि त्यानंतर दुसरं काही लावावंसंच वाटेना.

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो मडगावला, एका मित्राच्या घरी. शब्द एक कळत नव्हता. मित्राची आजी स्वयंपाकघरातून आली, दारातच उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, हे तर आमच्या मांडोसारखंच, म्हणजे गोव्याच्या कोंकणी गाण्यासारखंच. त्या एका वाक्यामुळे मी शोधायला लागलो.

केप व्हर्दी ही पश्चिम आफ्रिकेजवळची, अटलांटिक महासागरातली दहा बेटं. १९७५ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात. दुष्काळ पाचवीला पुजलेला, त्यामुळे माणसं पोटासाठी बोटीत बसायची. कित्येक जण साओ तोमे या दुसऱ्या आफ्रिकी बेटावरच्या कोकोच्या मळ्यांवर मजुरीला गेले. 'सोदाद' त्याच वाटेचं गाणं आहे. एवढ्या लांबची ही वाट तुला दाखवली कुणी, असं ते विचारतं. त्यात साओ निकोलाऊ हे नाव येतं, ते मागे राहिलेल्या बेटाचं. हे कळल्यावर मी गाणं पुन्हा लावलं आणि ते नाव आलं तेव्हा गलबलून आलं. आधी तो नुसता गोड आवाज होता. 'सोदाद'ला मराठीत 'आठवण' म्हटलं तर बरंच निसटतं; 'हुरहूर' त्यातल्या त्यात जवळची.

केप व्हर्दीतल्या मिंदेलो शहराच्या बारमध्ये गाणारी ही सेझारिया जगाला कळली ती पन्नाशी गाठल्यावर, १९९२ च्या 'मिस परफुमादो' या अल्बमनंतर. रंगमंचावर अनवाणी उभी राहायची.

मित्राच्या आजीचा कान पक्का होता. तिकडे मोर्ना हा संथ आणि कोलादेरा हा जलद गाण्याचा प्रकार, इकडे संथ मांडो आणि त्याच्या मागून येणारं जलद दुलपद. पण म्हणून एकातून दुसरं निघालं असं लगेच ठरवून टाकू नकोस. पोर्तुगीज दोन्हीकडे होते, ताटातूटही दोन्हीकडे होती. तरी गोव्यात साथीला घुमट हे मातीचं तालवाद्य आहे आणि तिकडे कावाकिन्यू, म्हणजे छोटी चार तारांची गिटार. साम्य दिसलं की फरकही ऐकत जा.

१९८७ साली लंडनमध्ये काही रेकॉर्ड कंपन्यांनी दुकानातल्या मांडणीच्या सोयीसाठी 'वर्ल्ड म्युझिक' हे लेबल ठरवलं. मला ते कधीच पटलं नाही. अभंग, लावणी आणि पोवाडा एकाच खणात कोंबून वर एक चिठ्ठी लावली, तर आपल्याला चालेल का? तुझ्या यादीचं मला तसंच काहीसं वाटलं. महिनाभर एकाच ठिकाणी मुक्काम कर. भाषा कुठली, वाद्य कुठलं, कोण कुणाला उद्देशून गातंय, हे शोध. अर्थ न कळता रोज ऐकलंस तरी चालेल, पण रोज ऐक.

मग ते एकाच माणसाला दे. कुणाला आणि का, याचा मात्र नीट विचार कर. मी एकदा घरी आलेल्या पाहुण्यांना आधी अर्धा तास माहिती दिली. गाणं सुरू होईपर्यंत त्यांचं लक्ष उडालं होतं. तेव्हापासून आधी गाणं, मग विचारलं तरच गोष्ट. आणि ऐकवताना आपणही सोबत बसायचं. लिंक पाठवून मोकळं व्हायचं नाही.

मामा मस्कतला गेल्यापासून तुझी आजी दर शुक्रवारी फोनपाशी बसून असते, असं तू मागे लिहिलं होतंस. तिला हे सहावं गाणं ऐकव. दुपारची कामं उरकल्यावर, तिच्या शेजारी बसून. अर्थ आधी सांगू नकोस.

ती काय म्हणाली ते मला कळव.

तुझा,
काका