जर्मनीतली बाइक साताऱ्याला आणावी की तिथेच विकावी?

तुमचं पत्र थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. सहा वर्षं श्टुटगार्टला नोकरी, आता कायमचं साताऱ्याला परत. अडीच वर्षांपूर्वी नवी घेतलेली बीएमडब्ल्यू आर 1250 जीएस, तेव्हाची किंमत 18,000 युरो. तिथला डीलर आज 12,500 द्यायला तयार आहे. शिल्लक 45 लाख, त्यातून घराचं डाउन पेमेंटही करायचंय. आणि पुढे तुमचं वाक्य : “आल्प्सचे सगळे घाट हिच्यावर केलेत, हिला परक्याला कशी देऊ?”

हौसेला मोल नसतं म्हणतात. कस्टम्सवाले मात्र ते अगदी चोख काढतात.

2025 च्या अर्थसंकल्पात बाइकवरची ड्युटी 50 वरून 40 टक्के झाल्याचं तुम्ही वाचलंत आणि त्यावर हिशेब मांडलात. तिथेच गडबड झाली. ती कपात 1600 सीसीपर्यंतच्या नव्या, कुठेही नोंदणी न झालेल्या गाडीसाठी आहे. तुमच्या गाडीला जर्मन नंबर लागला, म्हणजे ती सेकंडहँड. तिच्यावरचा सीमाशुल्काचा बोजा शंभर टक्क्यांच्या पुढे जातो. आपण सोपं म्हणून शंभरच धरू.

आता हे शंभर टक्के कशावर? डीलरने सांगितलेल्या साडेबारा हजारांवर नाही. कस्टम्स कंपनीची मूळ किंमत घेतं आणि ठरलेला घसारा वजा करतं : पहिल्या वर्षी दर तिमाहीला 4 टक्के, दुसऱ्या वर्षी 3, तिसऱ्या वर्षी अडीच. दहा तिमाह्यांचे झाले 33 टक्के. राहिले 12,060 युरो. जहाजाचं भाडं आणि विमा मिळून हजारभर युरो धरा. युरो 100 रुपयांना मानला तर 13 लाख. त्यावर ड्युटी 13 लाख, झाले 26. या 26 वर जीएसटी, आणि सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीच्या वरच्या बाइकला तो 40 टक्के आहे. म्हणजे आणखी 10 लाख 40 हजार. नुसता कर 23 लाख 40 हजार, तोही गाडी बंदरातून सुटण्याआधी, रोख. आरटीओचा कर, एजंटची फी, बंदरातलं भाडं अजून यात नाही.

तुलनेसाठी : याच घराण्यातली पुढची, नवी कोरी आर 1300 जीएस भारतात जून 2024 मध्ये 20 लाख 95 हजार एक्स-शोरूम किमतीला आली. त्यानंतर जीएसटी वाढला हे खरं, तरी तुमचा जुन्या गाडीवरचा कर तिच्या त्या किमतीहून जास्त भरतो. वर हातचे साडेबारा लाख सोडायचे ते वेगळेच.

पैसे बाजूला ठेवले तरी नियम आडवे येतात. सेकंडहँड गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि ही तीन वर्षं उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात, नोंदणीच्या नव्हे. तुमची बाइक शोरूममध्ये पाच-सहा महिने उभी असेल तर मुदत आत्ताच संपत आली. आधी तेवढं तपासा. कदाचित प्रश्न तिथेच मिटेल. मुदतीत बसली तरी ती मुंबई बंदरातूनच आणावी लागते. निघण्यापूर्वी तपासणीचं प्रमाणपत्र, आल्यावर चाचणी. त्यासाठी पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई ही वाहनं तपासणारी संस्था, म्हणजे निदान फेऱ्या जवळच्या! हेडलाइटचा झोत डाव्या बाजूच्या वाहतुकीला साजेसा लागतो आणि तुमची गाडी उजवीकडून चालणाऱ्या देशातली. कायमचं परतणाऱ्यांना मिळणारी ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’ची सवलत फ्रिज-टीव्हीसारख्या घरगुती सामानाला आहे, वाहनाला नाही.

तुमच्या मित्राने सुचवलेला कार्नेचा, म्हणजे गाडी तात्पुरती परदेशात नेण्याच्या कागदाचा, मार्ग पाहुण्यांसाठी आहे. जर्मनीत एडीएसी ही वाहनचालकांची संघटना हमी घेऊन कार्ने देते, गाडी इथे सहा महिने ड्युटीशिवाय फिरते आणि मग देशाबाहेर न्यावीच लागते. कायमचं परतणाऱ्याने त्यावर गाडी आणून ठेवली तर हमीची रक्कम जाते, ड्युटी मागे लागते आणि गाडीही जप्त होऊ शकते. दुसऱ्या मित्राचा ‘खोलून सुट्या भागांत पाठव’ हा सल्ला तर सरळ तस्करीचा आहे. सप्टेंबर 2025 मध्ये केरळात कस्टम्सने ‘नुमखोर’ मोहिमेत भूतानमार्गे आणलेल्या गाड्या उचलल्या, त्या घेणाऱ्यांच्या दारातून.

माझं मत : विका. साडेबारा लाख घराच्या पैशांत मिसळू नका, वेगळे ठेवा. परतल्यावर ते आरएफसी, म्हणजे परत आलेल्यांसाठीच्या परकीय चलनाच्या खात्यात युरोमध्येच राहू शकतात. वर्षभर इथल्या रस्त्यांवर, इथल्या उन्हात राहा. तरीही जीएसच हवी असं वाटलं तर त्यात भर घालून इथूनच घ्या. माझा अंदाज, ठोसेघरच्या रस्त्याला तुम्ही तिच्या निम्म्या किमतीच्या गाडीवर खूश व्हाल. पण तो अंदाजच. मी स्वतः वडिलांची येझदी विकायला तीन वर्षं लावली होती आणि त्या तीन वर्षांत ती एकदाही सुरू झाली नाही.

रायडिंग जॅकेट आणि बूट मात्र सामानात टाका. त्यांना आरटीओ नाही.